लस, संमती आणि शेजारचे मूल

(मुलांना लस देण्याचा निर्णय आईवडिलांचा की सरकारचा, हा वाद आपल्या देशात आणि जगभर चालू आहे. प्रस्तुत पाठात लेखकाने गोवर या रोगाचे उदाहरण घेऊन या वादाच्या दोन्ही बाजू मांडल्या आहेत आणि स्वतःचे मत सांगितले आहे.)



'टीका' हा शब्द तुम्ही घरी एका अर्थाने ऐकता आणि मराठीच्या तासाला दुसऱ्या अर्थाने. घरी टीका म्हणजे सुईने टोचलेली लस. मराठीत टीका म्हणजे दोष दाखवणे, विरुद्ध बोलणे. गंमत अशी की, आज हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. जगभर टीक्यावर टीका होत आहे. मुलांना लस द्यावी की न द्यावी हे आईवडिलांच्या मर्जीवर सोडावे, की सरकारने सक्ती करावी, यावर न्यायालयांत खटले चालले, वर्तमानपत्रांत वाद झाले आणि चहाच्या टपरीवरही चर्चा रंगल्या.

हा मोठ्या माणसांचा वाद आहे, असे समजून तुम्ही पान उलटू नका. सुई तुमच्या आणि तुमच्या लहान भावंडांच्या दंडात टोचली जाते. शिवाय शाळेचे किंवा नगरपालिकेचे मराठी पत्र घरी आले की, ते वाचून अम्मी-अब्बांना त्याचा अर्थ सांगणारे अनेक घरांत तुम्हीच असता. म्हणून या वादात तुमचेही काम आहे. ते कोणते, हे शेवटी सांगतो.

प्रथम एक रोग डोळ्यांसमोर ठेवू. तो म्हणजे गोवर. आपण घरी त्याला खसरा म्हणतो. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी इराणमधील रय या शहराचे थोर हकीम अबू बक्र अल्-राझी यांनी चेचक आणि खसरा या दोन रोगांवर एक पुस्तक लिहिले. हे दोन वेगळे रोग आहेत आणि लक्षणे नीट पाहिली तर ते वेगळे ओळखता येतात, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. चेचक म्हणजे मराठीत देवी. देवीची लस १८०२ साली बगदाद आणि बसरा या मार्गाने मुंबईला पोहोचली आणि त्याच वर्षी जून महिन्यात मुंबईतील तीन वर्षांच्या एका मुलीला ती टोचण्यात आली. पुढे लशीच्याच जोरावर देवीचा रोग जगातून नाहीसा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली तसे जाहीर केले. अल्-राझींनी वर्णन केलेल्या दोन रोगांपैकी एक गेला; दुसरा अजून आहे.

गोवराला पुष्कळ लोक साधा आजार समजतात. ताप येतो, अंगावर लाल पुरळ उठतो, आठ-दहा दिवसांत जातो, असे म्हणतात. बहुतेक मुले बरी होतात हे खरे. पण काही मुलांना न्यूमोनिया होतो, काहींना जुलाब लागतात, काहींच्या मेंदूला सूज येते, काहींची दृष्टी जाते. कुपोषित बालकांना धोका अधिक असतो. १९६३ साली गोवराची लस निघाली. तिचा सर्वत्र प्रसार होण्यापूर्वी या 'साध्या' आजाराने जगात दरवर्षी अंदाजे २६ लाख माणसे मरत. त्यांत मुलेच जास्त.

गोवर हवेतून पसरतो. रोगी खोलीतून निघून गेला तरी त्याचे विषाणू सुमारे दोन तास तेथील हवेत राहू शकतात. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रोगी तो इतरांना देऊ लागतो, म्हणजे आपल्याला काय झाले आहे हे कळण्याच्याही आधी! लस न घेतलेल्या लोकांत एक रोगी १२ ते १८ जणांना हा रोग देऊ शकतो. हा प्रसार थांबवायचा असेल, तर १०० पैकी निदान ९५ जण सुरक्षित असावे लागतात.

आता थोडे गणित करू. तुमच्या वर्गात ६० विद्यार्थी आहेत असे समजा. ६० चे ९५ टक्के म्हणजे ५७. म्हणजे फक्त तीन विद्यार्थी लशीवाचून राहिले, तर रोगाला वाट सापडणे कठीण. पण समजा, दहा घरांनी विचार केला, "बाकी सगळे घेतच आहेत, आपण एकाने नाही घेतली तर काय बिघडणार?" मग सुरक्षित विद्यार्थी उरतात ५०, म्हणजे सुमारे ८३ टक्के. रोगाला वाट मोकळी झाली. प्रत्येक घराने विचार केला तो स्वतःपुरता. परिणाम मात्र साऱ्या वर्गाला भोगावा लागला.

त्या तीन रिकाम्या जागांवर हक्क कोणाचा? ज्यांना लस घेता येत नाही त्यांचा. आपल्याकडे गोवराची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. नऊ महिन्यांच्या आतले बाळ तोपर्यंत उघडेच असते. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाला ही लस देता येत नाही, कारण त्याच्या शरीराची प्रतिकारशक्ती फार कमी झालेली असते. अशा मुलांची ढाल म्हणजे त्यांच्या भोवतालची लस घेतलेली माणसे. म्हणून लस हा केवळ आपल्या घरचा प्रश्न नाही. त्यात शेजारचे मूलही येते.

आता वादाकडे वळू. भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ पासून गोवर आणि रुबेला या दोन रोगांविरुद्ध देशभर टप्प्याटप्प्याने मोहीम सुरू केली. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे या वयाच्या मुलांना लस द्यायची होती, म्हणून परिचारिका शाळाशाळांतून गेल्या. त्याच वेळी मोबाइल फोनवरून अफवाही फिरू लागल्या. काही पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवले नाही. आपल्या वस्त्यांतही हे घडले. त्या पालकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते योग्य वाटत नाही. त्यांचे प्रश्न काय होते ते आधी ऐकले पाहिजे.

पहिला प्रश्न होता : "माझ्या मुलाला सुई टोचण्यापूर्वी मला विचारले का नाही?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. दिल्लीतील काही पालक तो घेऊन उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, पालकांची संमती गृहीत धरता येणार नाही. लशीचे फायदे आणि संभाव्य त्रास त्यांना सांगून मगच संमती घेतली पाहिजे. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरोनाच्या लशीसंबंधीच्या एका खटल्यात, कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, असा निर्णय दिला. मात्र सर्वांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधने घालू शकते, हेही त्याच निर्णयात आहे. म्हणजे न्यायालयाने व्यक्तीचा हक्कही मानला आणि समाजाचा हक्कही मानला.

दुसरा प्रश्न होता : "लशीने अपाय होतो का?" याचे उत्तर "मुळीच नाही" असे देऊ नये. लस टोचलेली जागा दुखते, थोडा ताप येतो, कधी बारीक पुरळ उठतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. गंभीर ॲलर्जी होते, पण ती क्वचित. साधारण दहा लाख मात्रांमागे एखाद्याला. म्हणूनच लस दिल्यावर अर्धा तास तेथेच बसवून ठेवतात. परंतु लशीमुळे मुले मतिमंद किंवा स्वमग्न होतात, हे खरे नाही. ही समजूत इंग्लंडमधील एका डॉक्टरने १९९८ साली लिहिलेल्या लेखातून पसरली. त्या लेखात केवळ बारा मुलांची माहिती होती, आणि तीही फिरवून दिलेली होती. ज्या नियतकालिकाने तो लेख छापला होता, त्यानेच तो २०१० साली मागे घेतला. त्याच वर्षी त्या डॉक्टरचे नाव वैद्यकांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी झाली. असा कोणताही संबंध आढळला नाही.

तिसरा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात : "ही सुई आमची संतती थांबवण्यासाठी तर नाही ना?" आणि त्याच्याच जोडीला, "ही हलाल आहे का?" संतती थांबवण्याची अफवा निराधार आहे. सौदी अरेबिया, तुर्कस्तान, इंडोनेशिया हे देश आपल्या मुलांना गोवर आणि रुबेलाची लस देतात. पण ही अफवा आपल्याकडे इतकी चटकन का रुजते, हेही समजून घ्या. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, आपल्या देशात लाखो लोकांची नसबंदी झाली. त्यांतील कितीतरी जणांवर बळजबरी झाली होती. ती आठवण घराघरांत राहिली. एकदा बळजबरी झाली की, पुढे पन्नास वर्षे लोक चांगल्या कामाकडेही संशयाने पाहतात.

हलालविषयीचा प्रश्न इंडोनेशियातील उलेमांच्या परिषदेपुढे २०१८ साली आला. लस होती पुण्यात तयार झालेली गोवर-रुबेलाची. परिषदेने स्पष्ट सांगितले की, ही लस तयार करताना डुकरापासून मिळवलेला पदार्थ वापरला जातो, त्यामुळे तिला हलाल म्हणता येणार नाही. परंतु रोगाचा धोका मोठा आहे आणि दुसरी हलाल लस उपलब्ध नाही, म्हणून ती घेण्यास परवानगी आहे. त्यांनी अडचण लपवली नाही आणि मुलांचा जीवही धोक्यात घातला नाही. आपले आजी-आजोबा हजला जातात तेव्हा मेंदूज्वराची लस घेतल्याशिवाय त्यांना जाता येत नाही, हे तुम्ही पाहिलेच असेल. लाखो माणसे एके ठिकाणी जमतात, तेथे एकाचा रोग सर्वांचा होतो, म्हणून हा नियम आहे. आपली दाट वस्ती बारा महिने तशीच गर्दीची असते.

मोहिमेनंतर चारच वर्षांनी या गर्दीची किंमत कळली. कोरोनाच्या काळात अनेक बालकांच्या लशी चुकल्या होत्या. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवराची साथ आली. गोवंडीच्या वस्त्यांत तिचा जोर फार होता. भिवंडी आणि मालेगाव येथेही रुग्ण आढळले. मुंबई आणि परिसरात शेकडो मुले आजारी पडली आणि दहाहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना लस मिळालेली नव्हती. त्यांच्या सर्वच आईवडिलांनी नकार दिला होता, असे मात्र समजू नका. कोणी गावी गेले होते, कोणाचा रोज बुडाला असता, कोणाचे लसीकरणाचे कार्ड हरवले होते, कोणाला तारीखच सांगितली गेली नव्हती. 'पालकांची निवड' हा शब्द आपण सहज वापरतो. पण ज्याला माहिती नाही आणि वेळही नाही, त्याने निवड केली असे कसे म्हणता येईल? ते तर राहून गेले.

विश्वास तुटला की काय होते, याचे उदाहरण प्रशांत महासागरातील सामोआ या छोट्या देशाने दिले आहे. तेथील लोकसंख्या सुमारे दोन लाख. जुलै २०१८ मध्ये गोवराची लस दिल्यावर दोन बालके दगावली. चौकशीत कळले की, लशीत दोष नव्हता. लशीच्या भुकटीत पाणी मिसळायचे असते. परिचारिकांनी चुकून त्याऐवजी शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचे औषध मिसळले होते. पण तोपर्यंत लसीकरण कित्येक महिने बंद ठेवले गेले आणि लोकांच्या मनात भीती बसली. लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण एक तृतीयांशाच्याही खाली गेले. पुढच्याच वर्षी गोवर आला. ५,७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ८३ जण मेले. त्यांत बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुले होती. शेवटी ५ आणि ६ डिसेंबर २०१९ रोजी सरकारने सारा देश बंद ठेवला. ज्या घरात लस न घेतलेले कोणी असेल, त्या घराबाहेर लाल कापड लावायला सांगितले. परिचारिका ते कापड पाहून घरोघरी गेल्या. दीड वर्षापूर्वी लोकांना सर्व काही उघडपणे सांगून त्यांचा विश्वास परत मिळवला असता, तर त्या कापडाची वेळ आली नसती.

आता माझे मत सांगतो. मुलाला जबरदस्तीने धरून सुई टोचणे मला मान्य नाही. त्याने आजची मोहीम पार पडेल, पण उद्याची बुडेल. पालकांना विचारलेच पाहिजे, त्यांना समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे, आणि काही त्रास झाला तर तो लपवता कामा नये. हे सरकारचे, डॉक्टरांचे आणि आम्हा शिक्षकांचे कर्तव्य आहे.

परंतु विचारले जाण्याचा हक्क म्हणजे विचार न करण्याचा हक्क नव्हे. आईवडील मुलाच्या वतीने निर्णय घेतात, कारण मूल स्वतः बोलू शकत नाही. मूल ही त्यांची मालमत्ता नाही. ती त्यांच्याकडे सोपवलेली अमानत आहे. अमानतीबद्दलचा निर्णय कोणीतरी मोबाइलवर पाठवलेल्या निनावी संदेशावरून घेता येत नाही. शंका असेल तर जरूर विचारा, डॉक्टरांना विचारा, दोनदा विचारा. उत्तर मिळाल्यावर मात्र केवळ 'लोक काय म्हणतात' म्हणून नकार देऊ नका. तुमच्या नकाराचा भार ज्या बाळावर पडणार, त्याच्या आईला कोणीच काही विचारलेले नसते.

कोणी म्हणेल, "मग कायद्याने सक्ती का करू नये?" काही देशांनी ती केली आहे. फ्रान्समध्ये २०१८ साली लहान मुलांना अकरा लशी देणे बंधनकारक करण्यात आले. त्यांची परिस्थिती वेगळी आहे. आपल्याकडे पोलिओ गेला तो घरोघर जाऊन, पुन्हा पुन्हा दार ठोठावून. उत्तर प्रदेशात लोक दार उघडत नव्हते, तेव्हा मशिदींचे इमाम आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठासारख्या संस्था पुढे आल्या. भारतातील शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. समजावून सांगण्याचा हा मार्ग लांबचा आहे, पण आपल्याकडे तो यशस्वी झाला आहे.

आणि येथेच तुमचे काम येते. शाळेतून संमतिपत्रे घरी जातात आणि परत येतात, तेव्हा मी ती पाहतो. काहींवर सही असते, पण 'होय' किंवा 'नाही' यांपैकी कशावरच खूण नसते. म्हणजे पत्र कोणी वाचलेलेच नाही. अशा पत्रात एक वाक्य असते : 'माझ्या पाल्यास लस देण्यास माझी हरकत नाही.' उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप, एतराज. पाल्य म्हणजे आपले मूल. हा एक शब्द चुकला, तर साऱ्या वाक्याचा अर्थ चुकतो. आईवडिलांचा निर्णय तुमच्या मराठीवर अवलंबून आहे.

म्हणून असे पत्र घरी आले की, ते दप्तरात ठेवून देऊ नका. अम्मी-अब्बांजवळ बसा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, अवघड शब्दाचा अर्थ सांगा. लस कोणती, कोणत्या रोगाची, त्रास झाला तर कोठे जायचे, हे पत्रात लिहिले आहे का ते पाहा. लिहिले नसेल तर दुसऱ्या दिवशी आम्हा शिक्षकांना विचारा. घरात लहान भाऊ किंवा बहीण असेल तर तिचे लसीकरणाचे कार्ड काढून तारखा तपासा. पत्र पूर्ण वाचून झाल्यावर सही करायची ती तुमच्या आईवडिलांनीच. त्या सहीमागे माहिती असेल, याची काळजी मात्र तुम्ही घेऊ शकता.

स्वाध्याय

१. 'टीका' आणि 'हरकत' या शब्दांचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ सांगा. असे आणखी दोन शब्द शोधा.

२. लस हा केवळ एका घरचा प्रश्न नाही, असे लेखक का म्हणतो?

३. सामोआमध्ये लोकांचा लशीवरील विश्वास कसा उडाला? त्याचा परिणाम काय झाला?

४. 'विचारले जाण्याचा हक्क म्हणजे विचार न करण्याचा हक्क नव्हे.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

५. मुलांना लस देण्याची कायद्याने सक्ती असावी की नसावी? वर्गात दोन गट करून चर्चा करा.